छताला हात लावून पाहा

मे महिन्यात रात्री साडेदहाला स्टुलावर उभं राहून छताला हात लावून पाहा, म्हणजे तुमच्या डोक्यावर थेट गच्ची असेल तर. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या घरात मी लावला होता, मुद्दाम नाही, आईबाबांच्या खोलीतल्या पंख्याचं कपॅसिटर बदलायला चढलो होतो आणि आधाराला म्हणून वर हात टेकवला तर तो झटकन मागेच आला. सूर्य बुडून जवळजवळ चार तास झाले होते आणि स्लॅब अजून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा. त्या स्लॅबखाली बाबा झोपतात, ७४ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू, आणि रात्रभर एसी २४ वर लावूनही पहाटे त्यांचा बनियन ओला असायचा. आई तर चादर ओली करून अंगावर घ्यायची.

मग त्या महिन्याचं बिल आलं, ६४० युनिट.

पैसे तर लागलेच पण मला जास्त लागलं ते हे की एवढी वीज जाळूनही त्या दोघांना झोप नव्हती. म्हणजे वीज जाते कुठे? घरातला प्रत्येकजण काहीतरी सांगत होता, बाबा म्हणे एसी, आई म्हणे मुलीचा कॉम्प्युटर, बायको म्हणे जुना फ्रीज, शेजारचे काकाजी म्हणाले मीटर फास्ट असेल, चेक करून घ्या. मी ठरवलं की काहीही विकत घ्यायच्या आधी मोजायचं. हे पोस्ट मुख्यतः त्यासाठीच लिहितोय, कारण मला रोज कुणीतरी विचारतं की सोलर किती किलोवॅटचं टाकू, आणि मी विचारतो की तुमचं घर काय खातं ते माहीत आहे का, तर माहीत नसतं.

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो तो पाहिलाच असेल, त्याच्या बाजूला एक आकडा लिहिलेला असतो, आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू तासभर चालवणं, हे शाळेत झालंय. आता थोडं गणित, ३२०० च्या मीटरवर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, उत्तर आलं तितके वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत. तुमचा आकडा वेगळा असेल तर ३६ लाखाला त्या आकड्याने भागा, जे येईल ते ११२५ च्या जागी घ्या. बस एवढंच.

एका रविवारी सकाळी मी सगळं बंद केलं, फ्रीजसकट सगळे प्लगसुद्धा काढले, आणि एकच पंखा फुल स्पीडवर लावून मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. पंधरा सेकंदांना एक लुकलुक. म्हणजे ७५ वॅट. मग पंखा बंद, कूलर चालू, पंपासकट. सहा सेकंद, म्हणजे साधारण १८७ वॅट. एसी लावला तर कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर दिवा इतका भराभर लुकलुकायला लागला की दहा लुकलुकी मिळून मोजाव्या लागल्या, साडेसात सेकंदांत दहा, म्हणजे दीड हजार वॅट. आई खालून ओरडली, "काय पाहून राहिला रे तिथे उन्हात?" पण थोड्या वेळाने तीच वही-पेन घेऊन आली आणि मी सांगेन ते आकडे लिहायला बसली.

सगळ्यात मोठा धक्का मला बसला तो फ्रीज सोडून बाकीचे प्लग परत लावले आणि सगळं बंद ठेवलं तेव्हा. म्हणजे आम्हाला वाटतं तसं बंद. टीव्ही रिमोटने बंद, कॉम्प्युटर बंद, लाईट-पंखे बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, तरी दिवा दर बावीस-तेवीस सेकंदांना लुकलुकतोय. ५० वॅट. कोण खातंय म्हणून एकेक प्लग काढत गेलो तर सेट टॉप बॉक्स जवळपास ११ वॅट, टीव्ही बंद असतानाही, कॉम्प्युटरचा यूपीएस ८-९ वॅट, राउटर ८, आणि उरलेलं बहुतेक लाईट गेल्यावर लागणाऱ्या इन्व्हर्टरचं, त्याची बॅटरी भरलेली ठेवायला. ५० वॅट ऐकायला काहीच नाही, पण तो चोवीस तास आणि तीस दिवस चालतो, महिन्याला ३६ युनिट होतात. आमच्या सगळ्या घरातल्या एलईडी दिव्यांना मिळून जितके लागतात त्याच्या दुप्पट! इन्व्हर्टर आणि राउटर ठेवले, बाकीचे दोन भिंतीवरच्या बटनाने बंद करायची सवय लावली.

फ्रीजचं असं मोजता येत नाही कारण तो चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. त्यासाठी संधी आपोआप मिळाली, अमरावतीला लग्न होतं, चार दिवस घर बंद. जाताना मीटरचं रीडिंग लिहून ठेवलं, आल्यावर पाहिलं, चार दिवसांत १७ युनिट. त्यातून इन्व्हर्टर-राउटरचे वगैरे वजा केले तर फ्रीज एकटा दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास निघाला, आणि तो आठवडा नवतपातला होता, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, घर बंद, आत भट्टी, त्यामुळे नेहमीच्या दिवसाला तीन धरूया. महिन्याला ९० युनिट. २००३ सालचा फ्रीज, बाबांनी निवृत्त व्हायच्या आधी घेतलेला, आणि नव्या फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट ते लिहिलेलं असतं, ते दुकानात जाऊन वाचलं तर आमच्या साइजच्या चांगल्या फ्रीजवर वर्षाचे जेमतेम सव्वादोनशे. आमचा अडीच महिन्यांत तेवढे खातो.

हे सगळं वहीत मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. एसी २८५ च्या आसपास, सहा पंखे मिळून १६०, फ्रीज ९०, नुसतं प्लगला लावून ठेवलेलं सामान ३६, कूलर ३४, मग दिवे, पाण्याची मोटर, मिक्सर-इस्त्री वगैरे. म्हणजे शेजारच्या काकाजींची शंका चूक, मीटर बरोबर होता. मुलीचा कॉम्प्युटर तर यादीत शोधावा लागला, आणि तिला आम्ही उगाच बोललो होतो.

आता एसी. इथे मला थोडं लांब लिहायचंय कारण बहुतेक लोकांची चूक इथेच होते, आणि माझीही झाली असती. पहिला विचार हाच येतो की जुना एसी काढून फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी घ्यावा. आमचा २०१९ चा थ्री स्टार होता. पण एसी काय करतो? खोलीत आलेली उष्णता बाहेर फेकतो. मग आधी हे पाहायला नको का की उष्णता येते कुठून?

बुटीबोरी एमआयडीसीत काम करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडून तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी मशीन आणली, कपाळाला लावायची नाही, कारखान्यातली. दुपारी चार वाजता गच्चीच्या स्लॅबवर धरली, ६२ अंश. बाहेर हवा ४५ ची. खोलीतून छताला धरली तर दुपारी चारला ३९ होतं आणि रात्री दहाला ४२. म्हणजे बाहेर थंड होत जातंय आणि छत उलट तापत जातंय. काँक्रीट असंच वागतं, दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि ती उष्णता पाच-सहा इंच उतरून खाली यायला काही तास लागतात, आणि बरोबर आपण झोपायला जातो तेव्हा ती खाली पोचते. बाबा रात्रभर ज्या एसीत झोपत होते तो एसी खोली थंड करत नव्हता, अख्खी गच्ची थंड करायचा प्रयत्न करत होता.

आणि नागपूरला गच्चीचं महत्त्व आणखी एका कारणाने. आपण २१ अक्षांशावर आहोत, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि नवतपा पण तेव्हाच. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही, साधा सज्जा पुरतो. सगळा मार गच्चीवर, आणि मग तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर. लोक दक्षिणेच्या खिडकीला महागडी फिल्म लावतात आणि गच्ची तशीच काळी पडलेली ठेवतात, वाईट वाटतं.

माझ्या आजीचं घर वर्धा जिल्ह्यात होतं, मातीच्या दीड हात जाड भिंती आणि वर कवेलू म्हणजे कौलं, त्याखाली पाटणी म्हणजे लाकडी माळा. त्या घरात दुपारी झोप यायची. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वरच्या वर निघून जायची आणि पाटणीवर सरपण-भांडी, खाली माणसं. आम्ही ते पाडून आलो असं नाही, आम्ही शहरात आलो आणि स्लॅबचं घर बांधलं, बाबांनी १९९४ साली, कर्ज काढून, आणि तेव्हा त्या स्लॅबचा किती अभिमान होता सगळ्यांना. पण नागपूरच्या हवेला उघडा स्लॅब चालत नाही. लहानपणी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं काम आम्हा भावंडांचं असायचं, वाफ निघायची, वास यायचा, मग गाद्या टाकायच्या. आता दर उन्हाळ्यात बोअरची पातळी कुठे जाते ते पाहिल्यावर तेवढं पाणी ओतायचं मन होत नाही.

तर चुना. २०२३ च्या मार्चमध्ये, होळी झाल्यावर. हा काही शोध नाही, आपल्याकडे पूर्वीपासून लोक करतात. अहमदाबादमध्ये २०१३ पासून उष्णतेसाठी हीट ॲक्शन प्लॅन आहे, तिथे वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं काम झालंय, आणि तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफसाठी राज्याची पॉलिसीच आणली. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढी साधी गोष्ट आहे. बाजारात त्यासाठी तयार पेंट मिळतात, चांगले असतात, काही वर्षं टिकतात, पण आमची गच्ची साडेनऊशे स्क्वेअर फूट आणि त्या पेंटचं कोटेशन ऐकून मी आधी चुन्याने करून पाहायचं ठरवलं.

आमची पहिली वेळ बिघडली. चुना घट्ट केला आणि गोंद कमी पडला, दोन आठवड्यांत पापुद्रे निघायला लागले आणि वाऱ्याने पांढरी धूळ खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग पुन्हा केला, या वेळी नीट. आधी गच्ची तारेच्या ब्रशने घासून, शेवाळ काढून, धुऊन पूर्ण वाळू दिली. चुना आदल्या रात्री प्लास्टिकच्या ड्रमात भिजवला, सकाळी गाळून घेतला, त्यात फेविकॉल आणि थोडं व्हाइट सिमेंट, आणि दुधासारखा पातळ ठेवला. एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा हात उभा. संध्याकाळी काम केलं, भर उन्हात लावला की लगेच सुकतो आणि धरत नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच, डोळ्यात चुना गेला तर गंमत नाही, कळीचा चुना भिजवताना उकळतो तेव्हा लहान मुलांना लांब ठेवा. सगळं मिळून खर्च अडीच हजारांच्या आत आणि दोन संध्याकाळी.

त्या मे महिन्यात तीच मशीन पुन्हा आणली. दुपारी चारला स्लॅब ४६. रात्री दहाला छत ३७. पाच अंश! आकडा सांगून कदाचित समजणार नाही, पण पहिल्यांदा आई म्हणाली की आज वरून झळ येत नाही. मला अजून आठवतं, ती पलंगावर बसून पोळीच्या डब्याचं झाकण पुसत होती आणि असंच बोलून गेली, तिला मशीन-बिशीन काही माहीत नव्हतं.

लोक विचारतात हिवाळ्यात घर गार पडत नाही का. पावसाळ्यात तो चुना बराचसा धुऊन जातो, म्हणूनच तो दर वर्षी लावावा लागतो आणि म्हणूनच हिवाळ्यात त्रास होत नाही. ज्यांच्याकडे गच्चीचं पावसाचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलेलं आहे त्यांनी पहिले दोन-तीन पाऊस पाइप बाजूला काढून ठेवावा. आणि ज्यांना दर वर्षी नको त्यांनी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करावं, आमच्या मागच्या गल्लीत एकांनी गळतीसाठी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, केला होता आणि त्यावर पांढरे तुकडे बसवले, एकदा खर्च आहे, पण गळतीही गेली आणि तापणंही. फक्त जुन्या स्लॅबवर एवढं वजन टाकायच्या आधी जाणकार माणसाला दाखवा.

पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बुरडाकडून बांबूच्या ताट्या करून घेतल्या आणि त्या बाहेरून टांगल्या. बाहेरून हा शब्द महत्त्वाचा. पडदा आतून लावतो तेव्हा ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीतच ती उष्णता सोडतो, ताटी बाहेर असली की ती तापली तरी बाहेरच्या बाहेर. आणि खिडक्यांचं वेळापत्रक, हे आईचं खातं, सकाळी आठला सगळ्या बंद, रात्री दहानंतर उघड्या, पहाटे चारला उठून उरलेल्या पण उघडते. सकाळची हवा यावी म्हणून दहा वाजेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवणारी घरं मी पाहतो, दहाला आत येते ती हवा नसते, झळ असते.

कूलरचं मात्र उलटं आणि हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही असं मला वाटायचं, पण पुण्या-मुंबईकडून इकडे बदली होऊन आलेले लोक कूलर लावून दारं-खिडक्या लावून घेतात आणि मग म्हणतात चिपचिप होतं. कूलरला हवा बाहेर जायला समोर वाट पाहिजे. इथे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलर १८७ वॅटमध्ये जे काम करतो ते एसीला दीड हजारात करावं लागतं. आम्ही आता जून लागेपर्यंत दिवसा कूलरच वापरतो, गवत दर सीझनला नवीन घेतो, खस परवडली तर एका बाजूला खस लावतो, त्या वासाने बाबांना त्यांचं ऑफिस आठवतं, तिथे खसच्या ताट्यांवर माणूस पाणी मारायचा. पहिला पाऊस झाला की कूलर निरुपयोगी, तेव्हा एसी.

एसी आम्ही बदललाच नाही. २४ वरून २७ वर नेला आणि बरोबर पंखा हळू ठेवला. बीईई, म्हणजे वीज बचतीचं आणि स्टार लेबलचं काम पाहणारी सरकारी संस्था, तिचं म्हणणं असं की एक अंश वर केला की साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी चालू केले की २४ वरच सुरू व्हावेत असा नियमही आहे. पण २७ सहन व्हायला छत थंड पाहिजे, नाहीतर डोक्यावर ४२ अंशाचा स्लॅब असताना कुणालाही १८ लावावंसं वाटणारच, हवा कितीही गार केली तरी तापलेलं छत अंगावर उष्णता फेकतच असतं. म्हणून म्हणतो आधी चुना. आधी रात्रीला साडेनऊ युनिट खाणारा तोच एसी आता पाचात भागवतो.

मे २०२३ चं बिल ४९० युनिट.

यात अजून पंखे आणि फ्रीज बदलले नव्हते, फक्त फ्रीजच्या दाराचं रबर बदललं होतं. ते तपासायची पद्धत, दाराच्या फटीत दहाची नोट ठेवून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर गेलं. आमची नोट खालच्या कोपऱ्यात वाऱ्याने पडेल इतकी सैल होती. नऊशे रुपयांत नवं रबर बसलं, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, मागची जाळी ब्रशने साफ केली, आणि दिवसाचा खप तीनवरून अडीचच्या खाली आला. फ्रीज बदलला पुढच्या दिवाळीत. बाबांनी जुना द्यायला वेळ लावला, त्यांच्या पहिल्या मोठ्या खरेदीतला तो होता आणि मी घाई केली नाही.

पंखे मात्र मी आधीच बदलायला हवे होते. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, मीटरसमोर लावून पाहिला, फुल स्पीडवर ३७ सेकंदांना एक लुकलुक, ३० वॅट. वारा तोच. आमच्या घरात उन्हाळ्यात सहा पंख्यांचे मिळून दिवसाला ७२ तास होतात, मोजले आहेत, तर ४५ वॅट गुणिले ७२ तास गुणिले ३० दिवस, ९७ युनिट महिन्याला. आमच्यासारख्या वापराला उन्हाळ्यातले वरचे युनिट दहा रुपयांच्या वरच पडतात, कारण १०० नंतर, ३०० नंतर आणि ५०० नंतर दर वाढत जातो आणि वाचतात ते नेहमी सगळ्यात महाग युनिट वाचतात. पंखे घेताना एक अडचण आली, आईला रिमोट नको होता. रात्री अंधारात रिमोट सापडत नाही, चष्मा नसतो, आणि तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं, "मले भिंतीवर बटन पाह्यजे, हात सवयीनं जाते तिथे." भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात, त्यांच्या खोलीत तेच लावले. घरात म्हातारी माणसं असतील तर हे विचारूनच घ्या, नाहीतर पंखा रात्रभर फुल स्पीडवर राहतो किंवा बंद राहतो.

या सगळ्याच्या मधे एक प्रकार झाला तो सांगतो कारण अजून लोक फसत आहेत. माझ्या चुलतभावाने प्लगला लावायची एक डबी आणली, हिरवा दिवा असलेली, लावली की बिल तीस टक्के कमी होतं म्हणे. आम्ही ती मीटरसमोर तपासली, एक जुना पंखा चालू, डबी नसताना पंधरा सेकंद, डबी लावल्यावर पंधरा सेकंद. दहा वेळा मोजलं. त्या डब्यांत बहुधा एक कपॅसिटर असतो, कारखान्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनमधून घेतलेल्या विजेतली किती खरंच कामी येते ते प्रमाण, सुधारायला त्याचा खरा उपयोग आहे, पण घरगुती मीटर आपण प्रत्यक्ष वापरलेलेच युनिट मोजतो आणि बिल त्याचंच येतं, त्यात त्या कपॅसिटरने काही फरक पडत नाही. नऊशे रुपये गेले त्याचे. तेवढ्यात रबर आलं असतं फ्रीजचं.

गिझरचं थोडक्यात, थंडीत थर्मोस्टॅट ७० वरून ५० वर आणला आणि आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावून आंघोळीला जाताना बंद, कारण ७० चं पाणी करून त्यात बादलीभर गार पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही.

मे २०२४, ३५२ युनिट. तेच घर, तीच माणसं, तोच एसी, आणि बाबा रात्री झोपतात.

मग सोलर. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आणि त्यापुढे कितीही लावा, सबसिडी ७८ हजारच. इथे माझ्या दोन वर्षांच्या खटाटोपाचं मोल कळलं. एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरतात. ६४० युनिटचं घर असतं तर मला पाच-साडेपाच किलोवॅट लागलं असतं आणि वरचे सगळे पैसे खिशातून. ३५२ ला तीन पुरलं. तेही देशात बनलेले पॅनल असतील तरच सबसिडी मिळते, हे कंत्राटदाराकडून कागदावर लिहून घ्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बसलं. दोन गोष्टी ज्या विकणारे नीट सांगत नाहीत. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक असतं म्हणून वीज सगळ्यात जास्त बनेल असं वाटतं, पण पॅनल तापलं की त्याची ताकद कमी होते, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पाव ते अर्धा टक्का, आणि आमच्या गच्चीवर दुपारी पॅनल साठच्या पुढे जातं. त्यात धूळ. पहाटे, पॅनल थंड असताना, आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पुसतो, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. आणि दुसरं, बिल शून्य येत नाही, नेट मीटरने, म्हणजे बनलेली वीज वापरातून वजा करणाऱ्या मीटरने, युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावा लागतोच. मे २०२५ मध्ये आमचे ३३८ युनिट बनले आणि ३५० च्या आसपास वापरले गेले, उरलेल्या बारा-तेरा युनिटचं आणि स्थिर आकाराचं बिल आलं.

शिवाय पॅनलखाली गच्चीवर दिवसभर सावली असते. ते पॅनल आम्ही मुद्दाम आईबाबांच्या खोलीच्या बरोबर वर घेतले, पाय थोडे उंच करून, म्हणजे खालून हवा खेळते आणि चुना लावायला वाकून जाता पण येतं.

राहिली आहे पश्चिमेची भिंत. ती अजून संध्याकाळी तापते, स्वयंपाकघराची आहे, आणि आई संध्याकाळीच तिथे असते म्हणून मला ते काम आधी करायचंय. मधुमालतीचा वेल चढवायचा विचार आहे, भिंतीपासून वीतभर लांब जाळी लावून, म्हणजे वेल प्लास्टरला टेकणार नाही. आईचं म्हणणं वेलाने मुंग्या येतात आणि तिला तिथे कढीपत्ता पाहिजे. गेल्या आठवड्यात तिने विचारलं की कढीपत्त्याची सावली पडायला किती वर्षं लागतील. मी म्हटलं चार-पाच तरी. तर म्हणाली मग दोन्ही लाव, आणि ड्रम धुऊन ठेव, होळी झाली की चुना भिजवायचाय.